पेशीच जेव्हा औषध होते

पावसाळा सुरू होऊन भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी लागली, की दवाखान्यांत तापाचे रुग्णही वाढू लागतात. तीन-चार दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासले जाते आणि घरात एक वाक्य ऐकू येते, ‘पेशी कमी झाल्यात.’ बोलण्यात ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट आणि पेशी कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरण आता गावोगावी पक्के झाले आहे. कोणी पपईच्या पानांचा रस देते, कोणी किवी आणते. बहुतेकांच्या पेशी आठवड्याभरात आपोआप वाढतात आणि माणूस पुन्हा शेतावर जातो.

अगदी थोड्यांच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. ताप जातो-येतो, हिमोग्लोबिन घसरत राहते, मार लागलेला नसताना अंगावर काळे-निळे डाग उमटतात. अशा रुग्णांपैकी काहींना रक्ताचा कर्करोग असतो. केमोथेरपीने आटोक्यात आलेला हा आजार पुन्हा उलटला आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणही शक्य नसले, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत अनेक कुटुंबांना ‘आता घरी घेऊन जा’ एवढेच ऐकावे लागे. हे चित्र बदलू लागले आहे. रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून पुन्हा त्याच्याच शरीरात सोडणारी ‘कार-टी सेल’ उपचारपद्धती भारतात, तीही मुंबई आणि नवी मुंबईत, विकसित झाली आहे. भोरपासून खारघर दोनशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही हिरडस मावळातल्या किंवा पानशेतपलीकडच्या रुग्णासाठी हा उपचार फार दूर राहू शकतो. तो जवळ कसा आणायचा, हे कळण्यासाठी आधी तो काय आहे ते समजून घ्यायला हवे.

घरभेदी पेशी

रक्तातील पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतात. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात, प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात आणि पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा एक गट असतो. त्यातील बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात, तर काही टी-पेशी विषाणूने बाधित झालेली पेशी हुडकून तिला थेट ठार करतात.

एखाद्या बी-पेशीच्या जनुकांत बिघाड झाला, की ती स्वतःच्या प्रती काढत सुटते. या पेशींची गर्दी अस्थिमज्जेत झाली तर चांगल्या पेशी तयार व्हायला जागा उरत नाही; हा ल्युकेमिया. मान, काख, जांघ किंवा पोटातील लसिकाग्रंथींत ती झाली तर गाठी वाढतात; हा लिम्फोमा. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तो बहुतेक वेळा बी-पेशींचाच असतो.

टी-पेशी शरीरभर गस्त घालत असताना त्यांना हा शत्रू दिसत कसा नाही? राजगडाच्या पाली दरवाजावर उभा असलेला पहारेकरी डोळ्यांपुढे आणा. तो परक्याला अडवील. पण परवलीचा शब्द ठाऊक असलेला गडावरचाच माणूस फितूर झाला, तर त्याला ओळखणे कठीण. कर्करोगाची पेशी अशीच घरभेदी असते. ती बाहेरून आलेली नसते, आपल्याच पेशींतून जन्मलेली असते. शिवाय टी-पेशींना चकवण्याच्या युक्त्याही तिला साधतात.

पहारेकऱ्याला नवी नजर

या पेचावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग असा. बी-पेशींच्या पृष्ठभागावर ‘सीडी-१९’ नावाचे एक प्रथिन असते. बी-पेशींच्या बहुतेक कर्करोगांतही ते टिकून राहते. टी-पेशीला हे प्रथिन नेमके हेरणारा एक कृत्रिम ग्राहक, म्हणजे ओळख पटवणारा नवा डोळा, बसवला तर? हा ग्राहक दोन-तीन वेगवेगळ्या प्रथिनांचे तुकडे जोडून बनवलेला असतो. बाहेरचा भाग शत्रू ओळखतो, आतला भाग टी-पेशीला ‘मार’ असा हुकूम देतो. या ग्राहकाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून उपचाराला ‘कार-टी’ म्हणतात.

प्रत्यक्षात रुग्णाला एका यंत्राला जोडतात. रक्त एका नळीतून यंत्रात जाते, त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेले रक्त शरीरात परत येते. काढलेल्या पेशी विशेष प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे रोग निर्माण करण्याची क्षमता काढून टाकलेल्या विषाणूमार्फत नव्या ग्राहकाचे जनुक टी-पेशींत पोहोचवले जाते. मग या पेशी वाढवून, त्यांची कसून तपासणी करून, गोठवून रुग्णालयात परत पाठवतात. या सगळ्यात काही आठवडे जातात. रुग्णाला आधी तीन दिवस केमोथेरपीची दोन औषधे देतात, जेणेकरून नव्या पेशींना शरीरात जागा मिळावी. त्यानंतर सलाइनमधून या पेशी शरीरात सोडल्या जातात. हे शेवटचे काम अवघ्या काही मिनिटांचे असते.

गोळी किंवा इंजेक्शन शरीरात हळूहळू संपते. या पेशी मात्र शत्रू भेटला, की वाढतात. अमेरिकेत २०१० मध्ये असा उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या शरीरात दहा वर्षांनंतरही त्या जिवंत सापडल्याचे २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणूनच या उपचाराला ‘जिवंत औषध’ म्हटले जाते.

फिलाडेल्फिया ते खारघर

या कल्पनेचे बीज इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोवले. तिला उपचाराचे रूप यायला आणखी दोन दशके लागली. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी देण्यात आल्या. तिचा ल्युकेमिया केमोथेरपीनंतर दोनदा उलटला होता. पेशी दिल्यानंतर तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब घसरला, कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. तिच्या रक्तात ‘आयएल-६’ नावाचा दाहकारक घटक खूप वाढल्याचे तपासणीत दिसले. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे या घटकाला रोखणारे ‘टोसिलिझुमॅब’ हे संधिवाताचे औषध त्यांना माहीत होते. ते दिल्यावर एमिली काही तासांत सावरू लागली. पुढे तपासणीत तिच्या अस्थिमज्जेत कर्करोग उरला नव्हता आणि त्यानंतर दहा वर्षे उलटूनही ती कर्करोगमुक्त राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीन कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा.

हा आकडा भारतातील जवळजवळ सर्वच कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा होता. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र इथेच विकसित करण्याचे ठरवले. शत्रू ओळखणाऱ्या ग्राहकाचा जो भाग परदेशी उपचारात उंदराच्या प्रथिनापासून घेतलेला होता, तो त्यांनी मानवी प्रथिनाच्या जवळ जाणारा बनवला. टाटा मेमोरियल केंद्रातील डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवरील चाचण्यांची जबाबदारी घेतली. जून २०२१ मध्ये खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या टाटा केंद्राच्या संस्थेत ल्युकेमिया झालेल्या एका बालरुग्णाला या पेशी प्रथम दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने या उपचाराला ‘नेक्सकार-१९’ या नावाने मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. आयआयटीतूनच निघालेली ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी या पेशी तयार करते. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या ‘इम्युनील’ या कंपनीनेही आपला कार-टी उपचार देशात उपलब्ध केला.

यश किती, धोका किती

भारतातील चाचण्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चाचणीत ल्युकेमिया व लिम्फोमाचे ६४ रुग्ण होते. या सर्वांचा आजार आधीच्या उपचारांना दाद न देणारा किंवा पुन्हा उलटलेला होता. परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी हटला. इतर सर्व मार्ग थकलेल्या रुग्णांसाठी हे मोठे यश आहे.

परंतु आजार हटणे आणि कायमचा बरा होणे यांत फरक आहे. काही रुग्णांमध्ये तो काही महिन्यांतच परततो. कधी टी-पेशी थकतात, तर कधी कर्करोगाची पेशी अंगावरील सीडी-१९ ची खूणच पुसून टाकते आणि पहारेकऱ्याला पुन्हा चकवते. त्यामुळे काहींना या उपचारानंतर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा सल्ला दिला जातो.

धोकेही समजून घ्यावे लागतात. टी-पेशींचे युद्ध पेटले, की तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, श्वास लागतो. काहींना तात्पुरता गोंधळ होतो, बोलताना शब्द सुचत नाहीत, क्वचित झटके येतात. भारतीय चाचणीत या दोन्ही प्रकारांची तीव्रता बहुतेकांमध्ये सौम्य होती. पण रक्तातील पेशी खूप घटण्याचे प्रमाण मोठे होते आणि दोन रुग्णांचा मृत्यू उपचाराशी संबंधित कारणांनी झाला. आणखी एक गोष्ट म्हणजे सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात. प्रतिपिंडे कमी होऊन पुढे अनेक महिने जंतुसंसर्गाचा धोका राहतो. या उपचारानंतर क्वचित टी-पेशींचाच नवा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला. म्हणून अशा रुग्णांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

उपचाराची मर्यादाही स्पष्ट असावी. भारतात मान्यता मिळाली तेव्हा नेक्सकार-१९ हा उपचार १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होता, तोही बी-पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा उलटलेला असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल तरच. स्तन, फुप्फुस, तोंड यांसारख्या अवयवांच्या कर्करोगांवर कार-टीचे संशोधन चालू आहे, पण तिथे तो अद्याप नेहमीचा उपचार झालेला नाही. ‘कोणताही कर्करोग पेशींनी बरा करतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

४२ लाख आणि ५ लाख

लोकार्पणाच्या वेळी नेक्सकार-१९ चा खर्च सुमारे ४२ लाख रुपये सांगण्यात आला. परदेशाच्या तुलनेत तो जवळजवळ एक दशांश आहे. तरीही भात आणि नाचणीवर, पुण्यातील कंपनीतल्या कंत्राटी नोकरीवर किंवा दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घरासाठी ४२ लाख हा डोंगरच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. केमोथेरपीसाठी ही योजना मोठा आधार आहे. कार-टीचा खर्च मात्र या मर्यादेत बसत नाही.

हा उपचार महाग असण्याचे कारण त्याच्या स्वरूपातच आहे. औषधाच्या गोळ्या एकाच वेळी लाखोंनी बनतात. कार-टीत मात्र प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे, त्याच्याच पेशींचे. तयार दात्यांच्या पेशी वापरता येतील का, किंवा टी-पेशींमधील बदल थेट रुग्णाच्या शरीरातच घडवता येईल का, यावर जगभर प्रयोग सुरू आहेत. ते यशस्वी झाले तर किंमत आणखी उतरेल. आज आजारी असलेल्या माणसाला मात्र तोवर थांबता येत नाही.

त्यात भोर-वेल्ह्यातील हातात जमीन असलेल्या कुटुंबांपुढे एक मोह असतो. पुणे जवळ असल्याने धरणाकाठच्या आणि गडांच्या पायथ्याच्या जमिनींना गिऱ्हाईक लगेच मिळते. आजारपणात घाईने विकलेली जमीन परत येत नाही. म्हणून सही करण्याआधी काही प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावेत. आमच्या रुग्णाचा कर्करोग बी-पेशींचा आहे का आणि त्यावर सीडी-१९ आहे, हे तपासले आहे का? दुसऱ्या केमोथेरपीचा किंवा प्रत्यारोपणाचा पर्याय शिल्लक आहे का? या वयात, या अवस्थेत यशाची शक्यता किती? सांगितलेल्या खर्चात अतिदक्षता विभाग, रक्त, प्रतिजैविके धरली आहेत का? या आजारासाठी एखादी चाचणी चालू आहे का, ज्यात रुग्णाला सहभागी होता येईल? टाटा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभाग, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि धर्मादाय न्यास यांच्याकडे अर्ज करण्याचे मार्गदर्शन मिळते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, तर लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे अनेक कुटुंबांचा आधार झाली आहेत.

पहिली पायरी गावातच

कार-टी हा शेवटच्या टप्प्यावरचा उपचार आहे. तो लागूच नये, ही खरी इच्छा असायला हवी आणि ती बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत पूर्ण होऊ शकते. लहान मुलांचा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया प्रगत देशांत केवळ केमोथेरपीने दहापैकी जवळजवळ नऊ मुलांमध्ये बरा होतो. प्रौढांमध्ये नेहमी आढळणारा वेगाने वाढणारा बी-पेशींचा लिम्फोमाही पहिल्याच उपचारात सुमारे ६० टक्के रुग्णांमध्ये कायमचा हटतो. हे उपचार तुलनेने स्वस्त आहेत आणि सरकारी योजनेत बसतात. अट एवढीच, की निदान वेळेत व्हावे आणि उपचार अर्धवट सुटू नयेत.

निदानाची सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते. ताप दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, मुलाचे पाय सतत दुखून ते चालायला कुरकुरू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूत घटलेल्या प्लेटलेट आठवडा-दहा दिवसांत वाढायला हव्यात. त्या वाढल्या नाहीत किंवा प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या राहिल्या, तर रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावे. यंत्राच्या छापील अहवालात न कळणाऱ्या अपक्व पेशी अनुभवी डोळ्याला तिथे दिसतात. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि पुढे पुण्याचे ससून रुग्णालय हा त्यापुढचा रस्ता.

दोन चुका टाळायला हव्यात. पहिली, निदानाआधी स्टेरॉइड घेणे. अंगदुखी आणि तापावर पटकन आराम देणाऱ्या इंजेक्शनमध्ये किंवा सुट्या गोळ्यांच्या पुडीत कधी कधी स्टेरॉइड असते. त्याने ल्युकेमिया आणि लिम्फोमाच्या पेशी काही दिवस दबतात, रुग्णाला बरे वाटते आणि निदान लांबते किंवा चुकते. दुसरी चूक गाठींबाबतची. मानेतील न दुखणारी, वाढत जाणारी गाठ आपल्याकडे क्षयाची असू शकते, पण ती लिम्फोमाचीही असू शकते. खात्री न करता महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालू ठेवू नयेत. केवळ सुईच्या तपासणीवर न थांबता गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासणे महत्त्वाचे आहे.

उपचार सुरू झाल्यावरची लढाई चिकाटीची असते. ल्युकेमियाची केमोथेरपी दोन ते तीन वर्षे चालते. पहिल्या काही महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, इकडे लावणी-काढणीची कामे खोळंबतात, वरंध घाटाकडच्या वाड्यांतून पावसात बाहेर पडणे अवघड होते आणि ‘आता बरा झालाय’ म्हणून फेऱ्या चुकू लागतात. उपचार असे मध्येच सुटले, तर उरलेल्या मोजक्या पेशींतून आजार पुन्हा उभा राहतो आणि तो अधिक हट्टी असतो. गावातील आशाताई, शिक्षक, मंडळाची मुले यांनी अशा घराला दवाखान्याच्या तारखेला गाडी आणि शेतावर चार हात दिले, तर ती मदत कोणत्याही महागड्या औषधाइतकीच मोलाची ठरेल.

एवढे करूनही आजार उलटला, तर वेळ घालवू नये. वारंवार केमोथेरपी घेतल्यावर टी-पेशीही दुबळ्या होतात आणि त्यांच्यापासून चांगले औषध बनवणे कठीण जाते. त्यामुळे आजार पहिल्यांदा उलटताच ‘कार-टीचा विचार करता येईल का’ हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावा आणि सर्व अहवालांची फाइल घेऊन टाटा किंवा तशा केंद्राचे मत घ्यावे. उपचार झालाच, तर पहिला महिना रुग्णालयाजवळच राहावे लागते. गावी परतल्यावर साधा ताप आला तरी तो घरी अंगावर काढू नये. उपचाराचे कार्ड नेहमी जवळ ठेवून जो डॉक्टर तपासेल त्याला ते आधी दाखवावे. भोर-वेल्ह्याच्या दवाखान्यांतही असे रुग्ण यापुढे येऊ लागतील. त्यांना ओळखण्याची आणि वेळेत पुढे पाठवण्याची तयारी तिथे आतापासूनच करायला हवी.